गाण्याला काय मालक असतो का

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रीचे अडीच वाजले असतील. आईला कुशीवर वळवायची वेळ झाली की मावशी मला हाक मारायच्या. एकीने खांदा धरायचा, दुसरीने कंबर. खोलीत खोबरेल तेल, टाल्कम पावडर आणि डेटॉलचा तो मिसळलेला वास, जो पुढे कितीतरी दिवस माझ्या साड्यांच्या घड्यांतून येत राहिला. बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं. आई कण्हली, आणि मावशी तिच्या पाठीला पावडर लावता लावता काहीतरी गुणगुणायला लागल्या. अगदी साधी चाल, चार पायऱ्या चढून तीन उतरल्यासारखी. आईचं कण्हणं थांबलं. मग मला दिसलं की आईचे ओठ हलताहेत. शब्द नव्हते, नुसता ‘हं हं’ असा हुंकार, पण बरोबर चालीत. जिने साठ वर्षं एकही दिवस रामरक्षा चुकवली नाही आणि आता ‘चरितं रघुनाथस्य’च्या पुढे जी अडखळते, ती माझी आई एका अनोळखी गाण्याला सूर देत होती.

मला आधी बरं वाटलं नाही, हे कबूल करते. मावशी नेवाशाकडच्या, ख्रिस्ती. ब्यूरोतून आल्या तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं, “ताई, आम्ही चर्चला जातो, चालंल ना?” मी ऐटीत म्हणाले होते, “अहो, त्यात काय विचारायचं!” आणि आता माझ्याच मनात काहीतरी खुपलं. आईला विचारायची सोय असती तर ती काय म्हणाली असती? ती शुद्धीत असताना हे चाललं असतं का? चाल मला ओळखीची वाटत होती. शिकागोत नातवाला जेवू घालताना लेकीने टॅबवर लावलेल्या इंग्रजी गाण्यांत ती ऐकली होती, हे दुसऱ्या दिवशी भांडी विसळताना आठवलं. त्या रात्री मात्र मी एवढंच विचारलं, “मावशी, हे गाणं कुणाचं हो?”

“आमच्या संडे स्कूलातलं. येशूची प्रीती हाय माझ्यावर, असं. बारकी होते तवा शिकवलेलं.”

“हो, पण लिहिलं कुणी?”

त्यांनी आईच्या पायांखाली उशी सरकवली, चादर ताणली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू पाऊस कुणाचा म्हणून मी विचारत होते. “गाण्याला काय मालक असतो का ताई?”

ते वाक्य डोक्यातून जाईना. मी आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली. कर्त्याचं नाव नसलेलं पुस्तक कपाटात कुठे लावायचं, या चिंतेत माझी पस्तीस वर्षं गेली. जागरणाच्या रात्री हातात फोन असतोच. शोधलं, आणि सापडली ती एक बाई नव्हे. दोघी बहिणी, त्यांचं एक बेट, आणि त्यांचे कर्जात बुडालेले वडील.

गाणं धाकटीचं, ॲना वॉर्नरचं. थोरली सुझन. १८१९ साली जन्मलेली, न्यूयॉर्कच्या एका यशस्वी वकिलाची मुलगी. दारात गाडी, घरात पियानो, शिकवायला मास्तर. आई लवकर गेली, तेव्हा वडिलांची बहीण, आत्या फॅनी, घरात आली ती कायमची. वडील हेन्री वॉर्नर हुशार, उमदे आणि व्यवहारात साफ आंधळे असावेत. १८३७ च्या मंदीत अमेरिकेतल्या बँका धडाधड बसल्या, त्यात त्यांचाही पैसा गेला. शहरातलं घर सुटलं. राहिलं ते हडसन नदीतलं एक खडकाळ बेट, कॉन्स्टिट्यूशन आयलंड. समोरच्या काठावर वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी. तिथे मुलींचे काका पाद्री होते, त्यामुळे ही जागा वडिलांना माहीत झालेली. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, १७७८ साली, इंग्रजांची जहाजं वर सरकू नयेत म्हणून या बेटापासून वेस्ट पॉइंटपर्यंत नदीच्या पात्रात अवजड लोखंडी साखळी टाकली होती. त्याच काळातल्या एका बराकीची भिंत धरून हे घर उभं होतं. रेशीम आणि लेस गेली, हाताने शिवलेले सुती कपडे आले. अठरा वर्षांची सुझन, जिला नोकराशिवाय पाण्याचा पेला माहीत नव्हता, ती सरपण फोडायला आणि होडी वल्हवायला शिकली.

इथे मी फोन पालथा ठेवला होता, ते आठवतं. कारण मला आमचं घर आठवलं. माझ्या वडिलांची भाऊबंदकीची केस एकोणीस वर्षं चालली. गावातल्या साडेतीन एकरांसाठी. दर तारखेला ते धुतलेला सदरा घालून एसटीने निघायचे आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत यायचे. आईच्या पाटल्या त्यात गेल्या. ती त्याबद्दल कधी एक अक्षर बोलली नाही, नुसत्या काचेच्या बांगड्या भरल्या, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, “पाटल्या जड होतात हो, हात दुखतो.” हेन्री वॉर्नरही शेवटपर्यंत कोर्टात लढत राहिले. जमिनीचे वाद, देण्याघेण्याचे वाद. भोळे, भले, मुलींवर जीव असलेले. अशा बापाविरुद्ध बोलायला शब्दच सापडत नाहीत, हा त्यांच्या चांगुलपणाचा सगळ्यात मोठा जाच.

तर, एका संध्याकाळी चहाच्या कपबशा विसळणं चाललं होतं. हे पुढे ॲनानेच लिहून ठेवलं आहे, १९०९ साली थोरल्या बहिणीचं चरित्र लिहिताना. आत्या फॅनी म्हणाली, सू, तू मनावर घेतलंस तर तुला एखादी गोष्ट लिहिता येईल. त्यापुढे ‘आणि ती विकली जाईल’ असं ती बोलली की नाही हे ॲनाला नक्की आठवत नाही, पण म्हणायचं होतं तेच. सुझन काही बोलली नाही. कप पुसत राहिली. आणि लिहायला बसली. मराठीत आपण लेखनाच्या प्रेरणेवर किती बोलतो! व्यासपीठावर बोलतो, दिवाळी अंकांत बोलतो. इथे प्रेरणा म्हणजे उधारी. एका आत्याला घरातला आकडा माहीत होता, एवढंच. तरी ॲना असंही सांगते की ते पुस्तक सुझनने गुडघ्यांवर बसून लिहिलं, म्हणजे प्रार्थना करत करत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला पूर्वी पटलं नसतं. रोज देवापुढे दिवा लावताना महिनाअखेरीचा हिशेबही जुळवणाऱ्या बाईला मी जवळून पाहिलंय, म्हणून पटतं.

पुस्तकाचं नाव ‘द वाइड, वाइड वर्ल्ड’. प्रकाशकांनी ते एकामागून एक नाकारलं. एका मोठ्या प्रकाशनाच्या वाचकाने हस्तलिखितावर ‘काहीतरीच!’ अशा अर्थाचा एकच शब्द लिहून परत पाठवलं, असं सांगतात. शेवटी जॉर्ज पुटनम यांच्याकडे गेलं. त्यांनीही बहुधा परतच केलं असतं, पण घरी आईला वाचायला दिलं. म्हातारीने वाचलं आणि लेकाला बजावलं, दुसरं काही छापू नकोस हवं तर, पण हे छाप. १८५० च्या डिसेंबरात छापलं. लेखिकेच्या नावाच्या जागी ‘एलिझाबेथ वेदरेल’. दोन वर्षांत चौदा आवृत्त्या निघाल्या. इंग्लंडातही तुफान खपलं. हॅरिएट बीचर स्टोव यांची गुलामगिरीवरची कादंबरी अजून यायची होती. त्याआधी अमेरिकेत एवढी खपलेली कादंबरी नव्हती. ‘लिटिल विमेन’ या कादंबरीतली जो नावाची मुलगी सफरचंदाच्या झाडावर चढून वाचते आणि रडते, ते पुस्तक हेच.

मीही रडले. पण त्याआधी खूप चिडले.

दहा-अकरा वर्षांची एलन मॉन्टगोमेरी. आई आजारी, वडील कोर्टात हरलेले (इथेही कोर्ट!), आईला हवापालटासाठी परदेशी न्यायचं म्हणून मुलीला एका खेड्यात आत्याकडे पाठवायचं ठरतं. जाण्याआधी आई आपल्या आईची अंगठी विकते आणि त्या पैशातून लेकीला बायबल आणि लिहायची पेटी घेऊन देते. दुकानात बसून दोघी बायबलं चाळतात, हे मोठं की ते लहान, हा रंग की तो, आणि आईला धाप लागत असते. इतकं सावकाश, इतकं बारीक लिहिलं आहे की ग्रंथपाल म्हणून मला त्या चामडी बांधणीचा वास आला. ती अंगठी आली तेव्हा मी शेजारच्या पलंगावर पाहिलं. मनगटं इतकी बारीक झाली होती की काचेच्या बांगड्याही आम्ही काढून ठेवल्या होत्या.

चीड आली ती पुढे. एलनची आई तिला सांगते की दुःख करावं लागेल, पण बंड करायचं नाही. आणि मग जवळजवळ सहाशे पानं हेच. एलनला राग आला की ती रडते, रडली की तिला पश्चात्ताप होतो, पश्चात्ताप झाला की कुणीतरी सज्जन भेटून तिला बायबलातलं वचन सांगतो. पुढे एक तरुण पाद्री तिला इतकं शिकवतो, सुधारतो, आणि नजरेत ठेवतो, की मला त्याच्या हातातून ती मुलगी ओढून घ्यावीशी वाटली. मला त्या सगळ्या पुस्तकात कोण आवडलं सांगू? आत्या फॉर्च्यून. ती तिरसट, जिने एलनचे पांढरे मोजे मळू नयेत म्हणून सरळ काळपट रंगात बुडवले. एलनच्या लेखी तो केवढा अपमान! पण त्या अख्ख्या कादंबरीत उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबणारी तीच. लोणी तीच घुसळते, माणसं जेवू तीच घालते. लेखिका तिला खलनायिका करायला बसली आहे, पण तिच्या स्वयंपाकघराचं वर्णन करताना सुझनचा हात सैल सुटतो. भाकरी-लोण्यात ती जशी रमते, तशी उपदेशात रमत नाही. कपबशा विसळणाऱ्या बाईने लिहिलंय ते, कळतं.

आणि तरीही, शेवटी एलनला आईचं पत्र मिळतं तिथे माझ्या डोळ्यांतून पाणी आलंच. बंड करायचं नाही, हे शिकवणारं पुस्तक मला अजूनही पटलेलं नाही. पण आपल्याकडची पहिली कादंबरी म्हणून आपण जिचं नाव शाळेत घोकलं, ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ याच दशकातली, १८५७ ची. तीही एका ख्रिस्ती माणसाने, ख्रिस्ती उपदेशासाठीच लिहिलेली. तिच्यातल्या विधवांच्या हकिकती वाचताना आपण उपदेशाची पानं उलटतो आणि त्या बायकांपाशी थांबतो. वॉर्नरबाईंचंही तसंच करावं. उपदेश ओलांडला की खाली एक मुलगी आहे, जिचं घर मोडलंय.

आता पैशांचं. एवढं खपूनही बहिणी गरिबीतच राहिल्या. इंग्लंडात निघालेल्या बहुतेक आवृत्त्यांचे पैसे द्यायला तिकडचा प्रकाशक बांधलेला नव्हता. दोन देशांमध्ये तसा कायदाच नव्हता. इकडे येणारा पैसा वडिलांच्या देण्यांत आणि दाव्यांत जिरायचा. घरात रोख लागली की बहिणी पुस्तकाचे हक्क एकरकमी विकून टाकायच्या. मग पुस्तक वर्षानुवर्षं खपत राहायचं आणि या दोघी पुढचं लिहायला बसायच्या. सुझनची ‘क्वीची’, ॲनाची ‘डॉलर्स अँड सेंट्स’ (नाव पाहा!), मुलांसाठी बायबलातल्या गोष्टी, प्राण्यांच्या चित्रांचा पत्त्यांसारखा एक खेळ. त्या खेळाची चित्रं दोघी हाताने रंगवायच्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना हे घर ओळखीचं वाटेल, फक्त तिथे टिळक घरातलं उचलून दुसऱ्याला देऊन टाकायचे, इथे ते वकिलांकडे जायचं. लक्ष्मीबाई भांडायच्या तरी. वॉर्नर बहिणींच्या घरात कुणी भांडल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. हेन्री वॉर्नर १८७५ साली गेले. माझे वडील गेल्यावर आईने त्यांचे कोर्टाचे कागद बंबात घातले. एक एक कागद, न वाचता, अंघोळीचं पाणी तापेपर्यंत. ती एवढीच एकदा चिडलेली मी पाहिली, आणि तेव्हाही ती चिडली होती की नाही याची मला आजही खात्री नाही.

एक गोष्ट मात्र त्या बेटावरून विकली गेली नाही. गिल्बर्ट स्टुअर्टने काढलेलं जॉर्ज वॉशिंग्टनचं तैलचित्र. घरात सरपणाची चणचण आणि भिंतीवर ते. शेवटी ते वेस्ट पॉइंटला दिलं गेलं.

गाणं १८६० चं. दोघींनी मिळून लिहिलेली ‘से अँड सील’ नावाची कादंबरी. आज ती कुणी वाचत नाही, आणि मीही सगळी वाचू शकले नाही. दोन खंड, बारीक टाइप, रात्रीचे तीन. पण ज्या पानासाठी मी ती उघडली होती ते सापडलं. जॉनी फॅक्स नावाचा एक लहान मुलगा आजारी आहे, जगणार नाही. त्याचा संडे स्कूलचा शिक्षक लिंडेन त्याच्या उशाशी आहे. मुलाला पडल्या पडल्या चैन पडत नाही, म्हणून तो त्याला उचलून घेतो आणि खोलीत येरझारा घालतो. मूल म्हणतं, गाणं म्हण. आणि तो म्हणतो. हे गाणं तिथे पहिल्यांदा येतं. कादंबरीत एका मरणाऱ्या मुलाच्या उशाशी म्हणायला चार ओळी हव्या होत्या, आणि थोरलीने धाकटीला सांगितलं असणार, तू लिही, तुला जमतं. दोन वर्षांनी विल्यम ब्रॅडबरी नावाच्या संगीतकाराने त्याला चाल लावली, धृपद जोडलं, आणि ते सुटलं. मिशनऱ्यांच्या पेट्यांतून, हार्मोनियमवरून, शाळांच्या वऱ्हांड्यांतून. अमेरिकन मिशनची माणसं मुंबईत १८१३ साली उतरली होती, नगरला १८३१ पासून त्यांचं ठाणं. कुठल्या साली, कुणाच्या तोंडून ते मावशींच्या गावात पोचलं, कोण जाणे.

म्हणजे ते मुळात रुग्णाच्या खोलीतलंच गाणं. अंग दुखणाऱ्याला हलवताना म्हणायचं. मावशींनी ते जिथे वापरलं, तिथलंच ते होतं. हे कळल्यावर माझ्या मनातलं खुपणं गेलं का? पूर्ण नाही. आईला न विचारता तिच्या कानात कुणाचाही देव घालू नये, असं मला अजूनही वाटतं. पण तिला बरं वाटत होतं, हेही मी माझ्या डोळ्यांनी पाहत होते. या दोन्हींचा हिशेब मला जमवता आला नाही.

म्हातारपणी सुझन वेस्ट पॉइंटच्या कॅडेट मुलांसाठी रविवारी दुपारी बायबलचा वर्ग घ्यायची. होडी पाठवून मुलांना बेटावर आणायचं. झाडाखाली खुर्चीत ती, भोवती गवतावर करड्या गणवेशातली विशी-बाविशीतली पोरं, आणि शेवटी ॲनाचा चहा आणि आल्याचा केक. माझा असा संशय आहे की निम्मी पोरं केकसाठी यायची. १८८५ साली सुझन गेली आणि ॲनाने वर्ग चालू ठेवला, पुढची तीस वर्षं. बाग तिची, होडी तिची. बेट विकत घ्यायला लोक यायचे. चांगला पैसा देऊ करायचे. ती नाही म्हणायची. १९०८ साली मार्गारेट सेज या श्रीमंत विधवेने आणि तिने मिळून ते सरकारला देऊन टाकलं, वेस्ट पॉइंटसाठी; ॲनाने मरेपर्यंत राहायचा हक्क तेवढा ठेवला. १९१५ च्या जानेवारीत ती गेली. दोघी बहिणी अकादमीच्या दफनभूमीत आहेत, सेनापतींच्या आणि सैनिकांच्या मधे.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडून न्यूयॉर्कला गेलो होतो, तेव्हा हडसनच्या काठाने जाणाऱ्या लोकलने आम्ही कोल्ड स्प्रिंग नावाच्या गावी गेलो होतो, पानगळ बघायला. आता नकाशा काढून पाहिला तर ती लोकल या बेटाला अगदी खेटून, पाणथळीतून जाते. समोर वेस्ट पॉइंटच्या करड्या इमारती बघून जावईबापू म्हणाले होते, “आई, ती बघा मिलिटरी अकादमी.” मी तिकडे बघितलं. त्याच खिडकीत, अगदी जवळ काय होतं ते बघितलंच नाही.

हे सगळं मी एका दुपारी मावशींना सांगितलं. त्या आईची नखं कापत होत्या. मी रंगवून सांगितलं. बेट, साखळी, कपबशा, हस्तलिखितावरचा तो शब्द. पुस्तकाचे हक्क विकले म्हणजे काय तेही समजावलं. त्या हूं हूं करत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, बघा, गाण्याला मालक होता. माझं सांगून संपलं तसं त्यांनी नेलकटर पुसून डबीत ठेवला.

“दोघींनी लग्न नाय केलं?”

“नाही.”

“मोठी गेल्यावर धाकटी तीस वरीस एकटी?”

“हो. बेटावरच. ती पोरं यायची रविवारची.”

“रविवारची,” मावशी म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “मंग तिला कोण वळवीत असंल वो?”

मला उत्तर माहीत नव्हतं. आजही नाही. ॲनाच्या घरात शेवटच्या दिवसांत कोण होतं, तिच्या पाठीला कोण हात लावत होतं, कुणी तिच्यासाठी काही गुणगुणलं का, ते कुठल्याच चरित्रात मला सापडलं नाही.

आई दिवाळीच्या आधी गेली. त्याच्या तीन-चार दिवस आधीची रात्र. मावशींना ताप होता म्हणून त्या घरी गेलेल्या, मी एकटी. आईला वळवताना माझा हात नीट लागला नाही, ती कळवळली. मी रामरक्षा म्हणायला लागले. आठ-दहा श्लोक झाले. ती डोळे मिटून होती, पण कपाळावरची आठी जाईना. मग तिने हात हलवला, नको असल्यासारखा, आणि म्हणाली, “ते म्हण.”

मला शब्द येत नव्हते. नुसती चाल म्हटली.